झेडपी, पंचायत समितीचा पाया ज्यांच्या अहवालानं घातला, त्या बलवंतराय मेहतांचं विमान युद्धात पाडण्यात आलं

एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, बलवंतराय मेहता म्हणजे काय? उत्तर येतं, समिती, १९५७, त्रिस्तरीय पंचायत राज. अशोक मेहता वेगळे बरं का, ती समिती नंतरची. एवढं पाठ केलं की एक मार्क पक्का.

पण हा माणूस नेमका कोण होता?

बलवंतराय मूळचे भावनगरचे. भावनगर तेव्हा संस्थान होतं. १९२० च्या सुमारास त्यांनी बीएचं शिक्षण पूर्ण केलं, पण परकीय सरकारची पदवी घ्यायला नकार दिला आणि असहकार चळवळीत उतरले. पुढे भावनगर प्रजा मंडळ उभं केलं, बारडोलीच्या सत्याग्रहात भाग घेतला आणि अनेक वर्षं तुरुंगात काढली. संस्थानी प्रजेला कारभारात वाटा मिळावा, ही त्यांची पहिली लढाई होती.

स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेवर गेले. इकडे सरकारनं २ ऑक्टोबर १९५२ ला ५५ प्रकल्पांसह सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू केला होता. शेती, रस्ते, आरोग्य, शिक्षण असं सगळं गावात न्यायचं आणि गावकऱ्यांनीही त्यात उतरायचं, अशी ही कल्पना. काही वर्षांतच लक्षात आलं की पैसा खर्च होतोय, पण गावकरी काही पुढे येत नाहीत.

हे का होतंय, हे शोधायला जानेवारी १९५७ मध्ये समिती नेमली गेली आणि अध्यक्ष झाले बलवंतराय.

समितीनं दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. सल्लागार समित्या होत्या, पण त्यात बहुतेक नेमलेले लोक होते. त्यांनी फक्त सल्ला द्यायचा आणि निर्णय घ्यायचा अधिकाऱ्यांनी. मग लोकांना ते काम आपलं वाटणार तरी कसं?

नोव्हेंबर १९५७ मध्ये अहवाल आला. गावात ग्रामपंचायत, गटात पंचायत समिती आणि जिल्ह्यात जिल्हा परिषद. शेती, पशुधन, स्थानिक उद्योग, प्राथमिक शाळा ही कामं पंचायत समितीकडे द्यायची. खरी गोम पुढे होती. नुसती जबाबदारी देऊन भागणार नाही, सोबत अधिकार आणि उत्पन्नाची साधनंही द्या, असा समितीचा आग्रह होता. त्यासाठी जमीन महसुलातला वाटा आणि काही कर या संस्थांना द्यायला सांगितले होते.

२ ऑक्टोबर १९५९ ला पंडित नेहरूंनी राजस्थानातल्या नागौरमध्ये पंचायत राजचं उद्घाटन केलं. महाराष्ट्रानं वसंतराव नाईक समिती नेमून थोडी वेगळी वाट धरली. मेहतांनी गटाला जास्त ताकद दिली होती, जिल्हा परिषद सल्ल्यापुरती ठेवून तिचं अध्यक्षपद कलेक्टरकडे सुचवलं होतं. महाराष्ट्रानं कलेक्टरला बाजूला ठेवलं आणि जिल्हा परिषदच बळकट केली. १ मे १९६२ पासून आपल्याकडे झेडपीचा कारभार सुरू झाला.

सप्टेंबर १९६३ मध्ये बलवंतराय गुजरातचे मुख्यमंत्री झाले. दोनच वर्षांत भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं. १९ सप्टेंबर १९६५ ला ते मिठापूरहून कच्छच्या सीमाभागाकडे निघाले होते. पाकिस्तानी लढाऊ विमानानं त्यांचं छोटं विमान पाडलं. पत्नी सरोजबेन यांच्यासह विमानातले आठही जण गेले. अवघ्या चार दिवसांत युद्धबंदी झाली.

ज्या पैलटानं गोळ्या झाडल्या, त्यानं २०११ मध्ये मृत भारतीय वैमानिकाच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केलं.

बलवंतरायांनंतर पंचायत राजची गाडीही अडखळली. राज्यांनी निवडणुका लांबवल्या, पैशाच्या नाड्या वरच राहिल्या. शेवटी ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. दर पाच वर्षांनी निवडणूक आणि राज्य वित्त आयोग नेमणं बंधनकारक झालं.

म्हणजे निवडणुकीची हमी मिळाली. पण कोणती कामं आणि किती पैसा खाली द्यायचा, हे आजही बरंचसं राज्य सरकारच्या हातात आहे. बलवंतरायांनी १९५७ मध्ये मांडलेली मागणी निम्मीच पूर्ण झाली आहे. पुढच्या ग्रामसभेत गावच्या निधीचा हिशोब मांडला जाईल, तेव्हा त्यातला किती पैसा कशावर खर्चायचा हे गावानं ठरवलं आणि किती वरूनच ठरून आलं, एवढं विचारून बघा. उरलेली निम्मी मागणी तिथेच सापडेल.