शिक्षणासाठी खाल्लेला मार

घरातल्या मारहाणीचे कारण विचारले, की दारू, गरिबी, अशिक्षितपणा ही उत्तरे ठरलेली. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत त्या उत्तरांनी भागत नाही.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या कल्याणच्या यमुनेने पहिला मार खाल्ला तो आईचा. काठी, दगड, प्रसंगी जळता निखारासुद्धा. लहानपणी घरात मार खाल्लेल्यांना पुढे जोडीदाराकडूनही तो सोसावा लागण्याचा धोका अधिक असतो, असे आजचे संशोधन सांगते.

नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, तिच्याहून सुमारे २० वर्षांनी मोठे. शिकलेले आणि स्त्रीशिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते! अभ्यास टाकून बायको स्वयंपाकघरात दिसली, की ते तिला मारत. रांधत नाही म्हणून बायकोला मारणारे नवरे शेजाऱ्यांनी पाहिले होते, रांधते म्हणून मारणारा पाहिला नव्हता. हेतू सुधारणेचा होता, पण तिने काय करायचे आणि चुकल्यास शिक्षा कोणती, हे ठरवणारा नवरा एकटाच. राग हे निमित्त. हात उचलला जातो तो अशा एकतर्फी सत्तेमुळे.

चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला. मग डॉक्टर होण्याचा ध्यास घेऊन एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई पतीविना कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या.

नवऱ्यापासून हजारो मैल दूर गेल्यावरच त्यांना या माराबद्दल बोलता आले. अमेरिकेतून गोपाळरावांना धाडलेल्या पत्रात त्यांनी सगळा हिशेब मांडला: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी. हिंदू बायकोला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्कच नसल्याने गप्प राहून सोसले, हेही लिहिले. ही वागणूक चांगली की वाईट? त्यांच्या मते दोन्ही. अंतिम हेतू पाहता योग्य, पण कोवळ्या मनावर होऊ शकणारा परिणाम पाहता चूकच. इतका नेमका निवाडा, तोही मारणाऱ्यालाच कळवलेला, त्या काळी दुर्मीळच.

कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता.