हरिभाऊंची नोकरी



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषय दिला आहे 'कादंबरीकाराचे आयुष्य'. माझ्या दोन कादंबऱ्या छापून आल्या, एवढीच माझी पात्रता. त्या आल्यापासून आपल्या ग्रुपवर मला ठरलेले प्रश्न येतात. नोकरी सोडलीस का? लिहायला कुठे डोंगरावर वगैरे जातोस का? सिनेमा कधी निघतोय? पहिल्या कादंबरीच्या पाचशे प्रती निघाल्या, त्यांतल्या काही गठ्ठे अजून आमच्या दिवाणाखाली आहेत, आणि मी रोज सकाळी नऊ चाळीसला कचेरीत सही करतो. यापुढे माझ्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. म्हणून ज्यांच्याबद्दल आहे, त्या हरिभाऊंचे लिहितो. म्हणजे हरि नारायण आपटे. नववीत बाईंनी यमूची गोष्ट सांगता सांगता तास संपल्याची घंटा झाली होती आणि तरी कोणी उठले नव्हते, तेच हे आपटे.

जन्म ८ मार्च १८६४, खानदेशातल्या पारोळ्याचा. वाढले ते काकांच्या, महादेव चिमणाजी आपट्यांच्या आधाराने. काका मुंबईच्या हायकोर्टातले नावाजलेले वकील. पुण्यात हरिभाऊ न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गेले. चिपळूणकर, टिळक, आगरकर शिकवतात अशी शाळा कोणाला मिळावी! (आपल्या सरांनी रागावू नये.) १८८२ मध्ये विष्णुशास्त्री गेले तेव्हा या शाळकरी पोराने गुरूवर एक दीर्घ विलापिका रचली. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर 'विकारविलसित' प्रसिद्ध केले, तर याने त्यावर लांबलचक टीकालेख लिहून छापवला. स्वतःच्या मास्तरांच्या पुस्तकावर! आमच्या वर्गात असे कोणी केले असते तर प्रगतिपुस्तकावर काय शेरा आला असता, ते मला माहीत आहे.

इतका वाचणारा मुलगा, पण कॉलेजात गणिताने घात केला. डेक्कन कॉलेज झाले, फर्ग्युसन झाले, बी. ए. काही झाले नाही. त्याच सुमाराला, १८८५ मध्ये, 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी 'पुणे वैभव' पत्रातून येऊ लागली. तिला रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा आधार होता, पण चित्र मात्र पुण्यातल्या नव्याने शिकलेल्या तरुणांचे होते. म्हणजे विशीतल्या हरिभाऊंच्या हातात छापलेली कादंबरी होती आणि पदवी नव्हती. आजच्या आईबापांनाही यातली कुठली गोष्ट जास्त लागेल, हे सांगायला नको.

इथे काका पुन्हा मदतीला आले. १८८८ मध्ये त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवायच्या, जपायच्या आणि नीट तपासून छापायच्या, हे तिचे काम. तिची व्यवस्था पाहायला त्यांनी पुतण्याला बसवले. ही व्यवस्थापकी हरिभाऊंनी मरेपर्यंत केली. मराठी सामाजिक कादंबरीला घडवणाऱ्या माणसाचे घर कादंबऱ्यांवर चालले नाही. संस्कृत पोथ्यांवर चालले. पंडितांशी पत्रव्यवहार, छपाईचा हिशेब, कागद, मुद्रिते, पोथ्यांची देवघेव. आनंदाश्रमाची इमारत आजही अप्पा बळवंत चौकाजवळ आहे. आपण शाळेची पुस्तके घ्यायला ज्या गर्दीतून जायचो, तिथूनच जवळ. इतकी वर्षे त्या रस्त्याने गेलो, पण 'उषःकाल' लिहिणारा माणूस रोज याच भागात कामावर यायचा, हे शाळेच्या वयात माझ्या गावीही नव्हते.

ही झाली एक नोकरी. दुसरी त्यांनी आपणहून गळ्यात घालून घेतली. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. आगरकरांचा 'सुधारक' जे खडसावून सांगत होता, ते घरातल्या माणसांना, बायकामुलांना, गोष्टीच्या ओघात सांगायचे अशी कल्पना. राजकारणाची चढाओढ इतर पत्रांनी करावी. साप्ताहिक म्हणजे काय, हे ज्याने कधी चालवले असेल त्यालाच कळेल. आपली ही स्मरणिका पंचवीस वर्षांनी एकदा निघते आहे आणि संपादक मंडळाच्या तोंडचे पाणी पळाले आहे. हरिभाऊंनी दर आठवड्याचा अंक सुमारे सत्तावीस वर्षे काढला. त्यात गोष्टी, चरित्रे, शास्त्रीय माहिती, आणि मुख्य म्हणजे क्रमशः कादंबरी. कित्येकदा एक सामाजिक आणि एक ऐतिहासिक अशा दोन कादंबऱ्या एकाच वेळी चालू असत. पुढचे प्रकरण सुचले नाही म्हणून अंक थांबत नाही. जुळारी हातात खिळे घेऊन उभा असतो.

'पण लक्षात कोण घेतो?' ही याच 'करमणुकी'तून आली. लहानपणी लग्न झालेली, पुढे विधवा झालेली यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. माजघरातली कुजबूज, सासरचा जाच, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे मोकळे दिवस, आणि मग केशवपनापर्यंत येऊन ठेपणारे सगळे. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या पुरुषाने हे बाईच्या तोंडून लिहिले आणि ते खरे वाटले. माझे मत विचाराल तर हप्त्याहप्त्याने लिहिण्याचा इथे त्यांना फायदाच झाला. यमूला पुढे काय होणार ते माहीत आहे, पण ती ते एकदम सांगत नाही. वाचणाऱ्या घराला तिच्याबरोबर एकेक आठवडा काढावा लागला.

पण त्याच हप्त्यांनी दुसरीकडे वसुलीही केली. हरिभाऊंच्या कादंबऱ्या पसरट आहेत ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. 'उषःकाल' वाचताना मीही काही पाने भराभर उलटली आहेत. आणि पूर्ण झालेल्या पसरट कादंबऱ्यांपेक्षा मला जास्त चुटपुट लागते ती अपुऱ्या राहिलेल्यांची. 'गणपतराव' अपुरी. 'सूर्यग्रहण' अपुरी. 'कर्मयोग' अपुरी. इतका मोठा लेखक कादंबऱ्या अर्ध्यावर का टाकतो? त्यांच्या दिवसाकडे पाहिले की उत्तर बरेचसे दिसते. आनंदाश्रम होता, अंक होता, शिवाय पुण्याच्या नगरपालिकेचे काम होते. तिथे ते सभासद होते आणि अध्यक्षही झाले. म्हणजे पाणी, गटारे, रस्ते, कर. त्यात पुण्यावर प्लेग आला, गाव ओस पडले. शेतकऱ्यांवर दुष्काळ आला, तेव्हा त्यांनी 'काळ तर मोठा कठीण आला' ही दीर्घ कथा लिहिली. ती इंग्रजीतही गेली. साहित्य आणि गावकी यांत हरिभाऊंनी भिंत घातलीच नाही. मला कधी कधी वाटते, घालायला हवी होती. 'सूर्यग्रहण' पुरी झाली असती. मग वाटते, गटारांच्या बैठकीला बसणारा हा माणूस नसता, तर 'मी' या कादंबरीतला लोकसेवेला वाहून घेणारा भावानंदही त्याला सापडला नसता. या दोन्हींत माझा निकाल लागलेला नाही. कचेरीतून घरी येताना बसमध्ये मी हाच वाद स्वतःशी घालत असतो, म्हणून हे सगळे इतके तिखटमीठ लावून लिहितो आहे.

मानसन्मान मिळाले, नाही असे नाही. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आणि १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना विल्सन व्याख्यानमालेत मराठी भाषेच्या उगमावर आणि वाढीवर बोलायला बोलावले. ज्या विद्यापीठाची बी. ए. त्यांना मिळाली नाही, त्याच विद्यापीठात! गणितात नापास झालेल्या आपल्या बॅचच्या मित्रांनी (नावे घेत नाही, फोटोत ते मागच्या रांगेत आहेत) हे कापून ठेवावे.

'करमणूक' १९१७ च्या सुमारास थांबले. आता तरी मोकळा वेळ मिळाला असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हाती उरली होती जेमतेम दोन वर्षे. ३ मार्च १९१९ ला पुण्यात हरिभाऊ गेले. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. आपल्यातले बरेच जण याच वयाच्या आसपास निवृत्तीनंतरचे बेत आखत आहेत, मीही आखतो आहे. त्यांच्या नावावर तेव्हा वीसेक कादंबऱ्या, कितीतरी स्फुट गोष्टी, नाटके होती, आणि आनंदाश्रमाची व्यवस्थापकी चालूच होती. तिथल्या पोथ्या पुढेही छापल्या जात राहिल्या. 'कर्मयोग' मात्र थांबली तिथेच आहे. ज्यांना वाचायची असेल त्यांनी शेवट नाही हे धरून वाचावी. मी दोनदा वाचली आहे.