मजुरांच्या कराराला अर्थ देणारे नारायण मेघाजी लोखंडे

टिटवाळ्यात फज्रची नमाज आटोपताच आमच्या वस्तीतील अनेक बांधव डबा घेऊन लोकल गाठतात. ही लोकल ज्या ठाण्यातून मुंबईकडे जाते, त्याच ठाण्यात 1848 साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. श्रमिकांना आज साप्ताहिक सुट्टी मिळते, त्यामागे या गृहस्थांचे परिश्रम आहेत.

लोखंडे गरीब कुटुंबातील होते. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वे व टपाल खात्यात आणि नंतर मुंबईतील एका कापड गिरणीत नोकरी केली. तेथे त्यांनी कामगारांची दैना जवळून पाहिली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, विश्रांती नाही, सुट्टी नाही आणि पगाराचा दिवस निश्चित नाही.

भारतीय करार कायदा 1872 मध्येच झाला होता. करारासाठी दोन्ही पक्षांची मुक्त संमती, मोबदला व वैध उद्देश आवश्यक आहे, असे तो सांगतो. परंतु उपाशी मजुराची संमती कितपत मुक्त असणार? 1881 च्या फॅक्टरी कायद्याने संरक्षण दिले ते मुख्यतः मुलांना.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराने प्रेरित झालेले लोखंडे ‘दीनबंधू’ पत्रातून ही व्यथा मांडू लागले. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरलेले तास, पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्या मागण्या होत्या.

लक्षपूर्वक पाहता या मागण्या म्हणजे कराराची गाळलेली कलमेच होत. इस्लामी फिक्हमध्ये इजारा, म्हणजे मोबदल्यावर काम घेण्याचा करार, वैध ठरण्यासाठी काम वा मुदत आणि मजुरी आधीच स्पष्ट असावी लागते. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तर सर्वश्रुत आहे.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे 10,000 कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. 10 जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षी फॅक्टरी कायद्यात सुधारणा होऊन साप्ताहिक सुट्टी व मधली विश्रांती यांना कायद्याचा आधार लाभला. 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा लोखंडे यांनी सलोख्यासाठी प्रयत्न केले. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असताना त्यांनाही त्या रोगाने गाठले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

वाचक बंधूंनो, आपल्यापैकी कोणी मजूर आहे, तर कोणी दुकान वा बांधकामावर माणसे ठेवणारा मालक आहे. तोंडी करारही कायद्याने बंधनकारक असतो. मात्र वाद झाल्यास तो सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून काम, तास, मजुरी आणि ती देण्याचा दिवस दोन ओळींत का होईना, लिहून ठेवावे. पवित्र कुरआनने देवाणघेवाणीची नोंद लिहून ठेवण्यास सांगितले आहे, ते संशय टळावा म्हणूनच. आपण हाताखालच्या माणसाचा पगार रोखून धरला असेल, तर दुसऱ्या मालकाविरुद्ध तक्रार करण्यापूर्वी तो चुकता करावा.

अल्लाह आपणा सर्वांना वचनपूर्तीची सद्बुद्धी देवो. आमीन.