पंधरा विद्यार्थ्यांची शाळा

१९५६ सालातील १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या दोन तारखा आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असतात. त्याच वर्षीच्या १ जुलै या तारखेची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही. त्या दिवशी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एंट्रन्स टू पॉलिटिक्स’ सुरू केले. राजकारणात उतरू इच्छिणाऱ्या तरुणाने आधी अभ्यास करावा आणि मग लोकांपुढे मत मागायला जावे, अशी त्यामागची भूमिका होती. पहिल्या तुकडीत अवघे पंधरा विद्यार्थी होते.

पासष्टी गाठलेल्या, मधुमेहाने पोखरलेल्या आणि दृष्टी अधू झालेल्या माणसाला त्या वर्षी पुन्हा एक शाळा का काढावीशी वाटली? याचे उत्तर त्यांच्या संपूर्ण आयुष्यात पसरलेले आहे.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेला हा मुलगा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. तेथे त्यांनी प्रबंधासाठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा विषय निवडला. राज्य चालते कसे, पैसा येतो कोठून आणि जातो कोणाकडे, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थिदशेतच हाती घेतला होता. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होताच राहायला जागासुद्धा मिळेना, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर लगेचच, १९१८ साली, त्यांनी भारतातील शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय तुकडे जोडून भागणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्यात मांडला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी हा निबंध आवर्जून वाचायला सांगतो. ग्रामविकासाच्या चर्चेत तो आजही शिळा वाटत नाही.

लंडनहून डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी घेऊन परतल्यावर त्यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह काढले. आपल्यासारख्या निवासी शाळेत वाढलेल्यांनी हा क्रम नीट पाहावा. सत्याग्रह महाडला १९२७ साली झाला. मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय त्याआधी झाली होती.

त्याच सुमारास मुंबई कायदेमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. १९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. सरकारी आणि गावकीची पडेल ती कामे करायची आणि मोबदल्यात इनामाचा तुकडा व घरोघरचे बलुते घ्यायचे, या व्यवस्थेला तेव्हा अनेकजण मान समजत. आपलेही काही लोक तसेच समजत, हे लपवण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांनी या मानाचा हिशेब मांडून दाखवला: काम किती, मेहनताना किती आणि गुलामी किती. विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. ही वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला, तो पाहायला ते नव्हते.

१९३२ सालच्या ग्रामपंचायत विधेयकाला त्यांनी केलेला विरोध आजही चुकीचा सांगितला जातो. गावाच्या हाती सत्ता देण्याआधी गावातील प्रत्येक प्रौढाला मत द्या आणि अल्पसंख्य अस्पृश्यांना हक्काच्या जागा द्या, असा त्यांचा आग्रह होता. नाहीतर गावठाणातील जुनी मालकीच कायद्याचे कपडे घालून पंचायतीत बसेल, हे त्यांना दिसत होते. ग्रामपंचायतींतील अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना घटनेचा आधार मिळाला तो १९९२ सालच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे साठ वर्षांनी. आज आपल्या पालकांपैकी जे सरपंच किंवा सदस्य आहेत, त्यांच्या खुर्चीचा इतिहास येथून सुरू होतो.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी कोकणातील खोती नष्ट करणारे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. सभागृहात मसुदा आणि रस्त्यावर कुळे, अशी दोन्ही कामे एकाच वेळी चालत. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेपासून सेवायोजन कार्यालयांपर्यंत अनेक कामांना हात घातला. प्रशासन फाइलीत कसे घडते, हे त्यांनी आतून पाहिले. राज्यघटनेचे काम सर्वश्रुत आहे. त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

मात्र एवढे करूनही आपल्यामागून येणारी माणसे तयार झालेली त्यांना दिसत नव्हती. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात त्यांचा स्वतःचा पराभव झाला होता. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. शिकून नोकरीला लागलेले आम्ही मास्तर लोकही त्या तक्रारीत येतो. राजकीय प्रशिक्षणाची शाळा निघाली ती या सभेनंतर साडेतीन महिन्यांनी.

तिच्या दैनंदिन कामाची जबाबदारी सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्याकडे होती. निवडणुकीच्या शाळेचा कारभार एका ग्रंथपालाकडे सोपवावा, हे बाबासाहेबांनाच सुचावे! त्याच काळात दीक्षा सोहळ्याची तयारी आणि धम्मग्रंथाचे लेखन चालू होते, तरीही नव्या पक्षाचा विचार थांबला नव्हता. सहा डिसेंबरला सारे थबकले. पहिल्या तुकडीचे वर्ग मार्च १९५७ पर्यंत चालले. दुसरी तुकडी भरलीच नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याच्या कार्यकर्त्यांसाठी काढलेली ही शाळा बंद होऊन सहा महिने उलटले होते.