पाषाणांचे वाचक : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

शेलू गावाजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या पात्रात उन्हाळ्यात काळे खडक उघडे पडतात. भूगर्भशास्त्राचा बिल्ला मिळविण्याच्या हेतूने एखादा बालवीर तेथे गेला, तर प्रथम तो निराशच व्हावयाचा. कारण जिकडे पाहावे तिकडे तोच काळा दगड! अशा मुलाने ज्यांचे चरित्र अवश्य वाचावे, असे एक गृहस्थ महाराष्ट्रातच कार्य करून गेले.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते १८४५ साली नागपुरास आले. त्या वेळी तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढील वर्षी त्यांनी शाळा काढली. शिकविणे, गावोगाव हिंडणे, लोकांच्या भाषा शिकणे हा त्यांचा नित्यक्रम होता. आणि या हिंडण्यातच त्यांना खडकांचा छंद लागला. हातोडी आणि टिपणवही यांवाचून त्यांच्यापाशी फारसे साहित्य नव्हते.

१८५१ साली नागपूरजवळील टाकळी येथे हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना काळ्या दगडाच्या थरांमधील मातकट खडकात गोगलगाईंचे शिंपले आढळले. ते गोड्या पाण्यातील होते. आगीच्या रसातून झालेल्या दगडांमध्ये पाण्यातले प्राणी कोठून आले? आज आपणांस ठाऊक आहे की, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हा वारंवार बाहेर आला. मध्यंतरीच्या दीर्घ विश्रांतीत त्यावर तळी साचली, झाडे वाढली, जीव नांदले. पुढे नव्या लाव्ह्याने ते सर्व झाकून टाकले. तोच काळा दगड नागपुरापासून शेलूपर्यंत आणि माथेरानच्या कड्यांतही आहे. मुंबईस वरळीच्या टेकडीत अशाच मधल्या थरात बेडकांचे अवशेष मिळाले आहेत.

सापडलेल्या वस्तूंविषयी हिस्लॉप यांनी मनास येईल तो तर्क केला नाही. मांगली येथील प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन यांनी, कीटक अँड्र्यू मरे यांनी व वनस्पती चार्ल्स बनबरी यांनी तपासल्या. शिंपल्यांचे वर्णन मात्र १८६० साली हिस्लॉप यांनी स्वतः प्रसिद्ध केले. स्वतःस काय येते व काय येत नाही, हे ओळखणे हाही विद्वत्तेचाच भाग होय. एका खनिजास त्यांच्यावरून हिस्लोपाइट असे नाव मिळाले आहे.

सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास ते रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत गेले होते. तेथून परतताना बोरी येथील शाळेची तपासणी करण्यास ते मागे राहिले. ४ सप्टेंबरच्या सायंकाळी पुराने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले. शेहेचाळिसाव्या वाढदिवसास अवघे चार दिवस उरले होते. गोंड व इतर वनवासी लोकांविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचे नाव धारण करून आहे.

विद्यार्थीमित्रहो, बिल्ल्यासाठी दगड गोळा कराल, तेव्हा प्रत्येक दगडावर तो कोठे व कोणत्या दिवशी सापडला याची चिठ्ठी अवश्य लावा. स्थळाची नोंद नसलेला दगड मुका होतो. जे ओळखता येत नाही, ते जाणत्यास विचारा. आणि पावसाळ्यात उल्हासच्या पात्रात पाऊल टाकू नका. खडक कोट्यवधी वर्षे तेथेच आहेत; ते दिवाळीपर्यंत खुशाल तुमची वाट पाहतील.