डॉ. रुडॉल्फ शोनहायमर : देहातील अखंड मोडणी-बांधणी दाखविणारा शास्त्रज्ञ

ज्यू शास्त्रज्ञ म्हटले की आइनस्टाइनचे नाव आपल्या घरांतील लहान मुलेही घेतात. डॉ. रुडॉल्फ शोनहायमर यांचे नाव शास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे, पण आपल्या घरांत ते क्वचितच ऐकू येते. वास्तविक खाल्लेल्या अन्नाचे शरीरात पुढे काय होते, याविषयीची जगाची समजूत या गृहस्थांनी सात-आठ वर्षांत पार बदलून टाकली. म्हणून त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

शोनहायमर यांचा जन्म १० मे १८९८ रोजी बर्लिन येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते. परत आल्यावर त्यांनी १९२२ साली वैद्यकाची पदवी घेतली. बर्लिनच्या मोआबिट इस्पितळात असताना त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून रक्तवाहिन्यांच्या रोगाचा अभ्यास केला. रसायनशास्त्र पक्के असल्यावाचून हे काम पुढे जाणार नाही, हे ओळखून त्यांनी लाइपझिग येथे त्या शास्त्राचे रीतसर अध्ययन केले. पुढे फ्रायबुर्ग येथे आशॉफ या नामांकित शास्त्रज्ञाच्या संस्थेत ते रसायन विभागाचे प्रमुख झाले.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने कायदा करून ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढले. ज्या देशासाठी शोनहायमर युद्धावर गेले होते, त्याच देशात त्यांना जागा उरली नाही. फ्रायबुर्गमध्येच काम करणारे हान्स क्रेब्ज इंग्लंडला गेले. शोनहायमर न्यूयॉर्कला आले व कोलंबिया विद्यापीठात हान्स क्लार्क यांच्या खात्यात रुजू झाले.

त्याच विद्यापीठातील हॅरल्ड युरी यांनी १९३१ साली जड हायड्रोजनचा शोध लावला होता. युरींच्या हाताखाली तयार झालेले डेव्हिड रिटनबर्ग शोनहायमर यांना येऊन मिळाले आणि दोघांनी एक युक्ती काढली. धोबी कपड्यावर शाईची खूण करतो, म्हणून शेकडो कपड्यांतून आपला सदरा ओळखता येतो. तशीच खूण त्यांनी जड हायड्रोजनने चरबीवर केली, व पुढे जड नायट्रोजनने प्रथिनांच्या घटकांवर केली.

तोवर समजूत अशी होती की शरीर हे इंजिन आणि अन्न हा कोळसा. मोठ्या माणसाने खाल्लेले प्रथिन बहुतेक जळून लघवीवाटे निघून जाते. स्नायू जागच्या जागी राहतात व किरकोळ झीज तेवढी भरून निघते. शोनहायमर, रिटनबर्ग व सेरा रॅटनर यांनी पूर्ण वाढलेल्या, वजन स्थिर असलेल्या उंदरांना तीन दिवस खूण केलेले ल्युसीन चारले. जुन्या समजुतीप्रमाणे बहुतेक सारी खूण लघवीत सापडायला हवी होती. तेथे एक तृतीयांशही सापडली नाही. निम्म्याहून अधिक खूण शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसली होती. यकृत, आतडी व मूत्रपिंड यांत हा व्यवहार जलद होता. स्नायूंत तो मंद होता, पण स्नायूंचा पसारा मोठा असल्याने त्यांचाही वाटा मोठा होता. वजन तर वाढले नव्हते. म्हणजे जितके नवे आत आले, तितके जुने मोडून गेले होते. हे प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाले.

कीर्ती वाढत होती, पण मनाच्या उदासीनतेने त्यांना दीर्घकाळ ग्रासले होते. ११ सप्टेंबर १९४१ रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. वय अवघे ४३. परमुलखात बस्तान बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे बाहेरून दिसत नाही. आपणही देश सोडून आलेली माणसे आहोत; शेजारी गप्प गप्प राहू लागला तर त्याची विचारपूस करावी, एवढे आम्हांस येथे सांगावेसे वाटते.

हार्वर्ड येथील व्याख्यानांसाठी त्यांनी लिहून ठेवलेला मजकूर सहकाऱ्यांनी १९४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या पायावर पुढे पुष्कळ काम झाले. आज असे मानतात की मोठ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडते व जवळजवळ तितकेच नव्याने बांधले जाते. जेवणातून प्रथिन मिळाले की स्नायूंत बांधणी वाढते, आणि जेवणानंतर वाढणारे इन्शुलिन मोडणीला आवर घालते. उपासमार लांबली की इन्शुलिन उतरते. स्नायूंतील प्रथिन मोडते व त्यातून यकृत साखर तयार करते. मोठ्या दुखण्यात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढून ही मोडणी जोर धरते. म्हणूनच दीर्घ आजारातून उठलेल्याचे दंड व मांड्या रोडावलेल्या दिसतात. उतारवयात तेवढ्याच अन्नाने पूर्वीइतकी बांधणी होत नाही. तेव्हा आमच्या वयाच्या मंडळींनी चहा-बिस्किटांवर जेवण भागवू नये. मासळी, अंडी, डाळ, दही पोटात जावे व स्नायूंना रोज थोडे कष्ट द्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे.

शोनहायमर यांच्याबरोबर काम केलेले कॉनराड ब्लॉक, तेही जर्मनीतून आलेले ज्यू निर्वासित, १९६४ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. बांधणी कशी होते हे उलगडत गेले, तरी पेशी नेमके कोणते प्रथिन मोडायचे हे कसे ठरविते, हा प्रश्न बराच काळ तसाच राहिला. त्याचे उत्तर हैफा येथील टेक्निअनमधील अव्राम हेर्श्को व आरोन चिखानोव्हर यांनी अमेरिकेतील अर्विन रोझ यांच्यासह शोधले. नको असलेल्या प्रथिनाला पेशी स्वतःच एक खूण लावते व मग ते मोडते. या कामासाठी तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्लिनहून न्यूयॉर्कला गेलेला हा धागा असा हैफापर्यंत येऊन पोहोचला. डॉ. शोनहायमर यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.