राणी प्रभावती गुप्त



वर्गात ‘राणी’ म्हटलं की मुलं अहिल्याबाई, झाशीची राणी अशी नावं पटापट सांगतात. पण सुमारे १६०० वर्षांपूर्वी आपल्या भंडाऱ्याच्या शेजारी, रामटेकजवळच्या नंदिवर्धन म्हणजे आजच्या नगरधनहून एका बाईने राज्य चालवलं, हे आपण त्यांना सांगतो का? ‘चंद्रगुप्ताची मुलगी’ एवढ्या एका ओळीत आपण तिला उरकतो.

ती प्रभावती गुप्त. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त हे तिचे वडील, आई कुबेरनागा नागकुळातली. विदर्भाच्या वाकाटक घराण्यातील राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी तिचं लग्न झालं. पण तो लवकर वारला. पदरी लहान मुलं! ती खचली नाही. युवराज दिवाकरसेनाच्या नावाने तिने निदान १३ वर्षे कारभार सांभाळला. पुढे मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आला. त्याच्या १९व्या राज्यवर्षीही तिने रामगिरीहून, म्हणजे रामटेकहून, दानपत्र दिलं.

विशेष म्हणजे लग्नानंतरही तिने माहेरचं ‘गुप्त’ नाव आणि गोत्र सोडलं नाही. तिच्या ताम्रपटाची सुरुवात माहेरच्या वंशावळीने होते. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. तिच्यावर शंख आहे.

रामटेकची सहल तर आपण काढतोच. यंदा गडावर मुलांना, आणि मुलींना तर आवर्जून, हिची गोष्ट सांगा बरं!